वरचेही आपण, खालचेही आपण

मेहकर, जि. बुलढाणा

चि. बाळ हिला,


तुझं पत्र मिळालं. वादसभेचा विषय कळला: ‘नदीच्या पाण्यावर पहिला हक्क वरच्या राज्याचा’. तुला विषयाच्या बाजूने बोलायचं आहे आणि आपल्या जिल्ह्यातला एखादा ठसठशीत दाखला हवा आहे. दाखले देतो, हवे तेवढे देतो. पण भाषण लिहायला बसण्याआधी जिल्ह्याचा नकाशा पुढ्यात घे आणि नद्यांवरून बोट फिरव. ह्या वादात बुलढाणा जिल्हा एका बाजूच्या बाकावर बसूच शकत नाही. ते लक्षात न घेता केलेलं भाषण पहिल्याच उलटप्रश्नाला कोसळेल.

आपण ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ असं रोज म्हणतो. सोयरीक जुळवतानाही म्हणतो. तो घाट म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगेची कड, आणि देशातल्या दोन मोठ्या खोऱ्यांची हद्द तिच्यावरून जाते. बुलढाण्याहून मलकापूरला जाताना राजूर घाट लागतो, तो आठव. घाट उतरल्यावर पुढे पडणारा पाऊस नळगंगा-विश्वगंगेतून पूर्णेला मिळतो, पूर्णा चांगदेवपाशी तापीत जाते आणि तापी सुरतेवरून अरबी समुद्राला. घाटाच्या अलीकडे, बुलढाण्याच्या दक्षिणेला पडलेला पाऊस पैनगंगेत येतो. येळगावच्या धरणात अडतो, उरतो तो मेहकरवरून वाशीम, हिंगोली, यवतमाळ, नांदेड असं करत तेलंगणाची हद्द धरतो. पुढे वर्धा, प्राणहिता, गोदावरी आणि शेवटी बंगालचा उपसागर. तिसरी खडकपूर्णा. देऊळगाव राजा, सिंदखेड राजाचा मुलूख ओलांडून ती मराठवाड्यात येलदरी आणि सिद्धेश्वर ह्या धरणांत जाते, मग गोदावरीला मिळते.

आता हिशेब मांड. पैनगंगेचा उगम आपल्याच जिल्ह्यात, म्हणजे तिच्यावर आपण सगळ्यात वरचे. खाली तेलंगणा. घाटाखालची पूर्णा मात्र निघते मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यात. तापीही तिथलीच, मुलताईची. तिथे वर मध्य प्रदेश, मध्ये आपण, खाली गुजरात. ‘पहिला हक्क वरच्याचा’ हे वाक्य मेहकरात म्हणशील तर टाळ्या पडतील. तेच जळगाव जामोदला जाऊन म्हणशील तर आपल्याच माणसांच्या तोंडचं पाणी मध्य प्रदेशाला देऊन आलीस असं होईल.

तुझ्या बाजूला एक मोठा वकील आहे, त्याचं नाव जरूर घे. १८९५ साली अमेरिकेचे ॲटर्नी जनरल जडसन हार्मन ह्यांनी नेमकं हेच मत दिलं होतं. रिओ ग्रांदे नदीचं पाणी अमेरिकेतले शेतकरी वरच्या वर उचलत होते आणि खाली मेक्सिकोची शेती वाळत होती. हार्मन ह्यांचं म्हणणं असं की आपल्या हद्दीतल्या पाण्याचं काय करायचं ते अमेरिकेने ठरवावं, आंतरराष्ट्रीय कायदा तिच्यावर कसलंही बंधन घालत नाही. पण समोरची बाजू अभ्यास करून आली असेल तर ती पुढची गोष्ट सांगेल. अकराच वर्षांनी, १९०६ मध्ये, अमेरिकेने त्याच मेक्सिकोशी करार केला आणि दरवर्षी ६०,००० एकर-फूट पाणी द्यायचं कबूल केलं. अमेरिकाही कॅनडाकडून येणाऱ्या नद्यांवर खालचीच आहे. वरचेपणा आणि खालचेपणा एकाच घरात नांदत असले की असं बोलणं फार काळ पेलत नाही.

मी पाटबंधारे खात्यात कालव्यावर नोकरी केली, म्हणून हा विषय मला पुस्तकातून कळण्याआधी चारीवर कळला. रब्बीत हरभऱ्या-गव्हाला पाणी सुटायचं. शेतकरी नमुना ७ भरून अर्ज द्यायचे, शेजपाळी लागायची, कुणाचं दार कोणत्या दिवशी किती तास उघडं राहणार ते ठरायचं. कागदावर सगळं सरळ. प्रत्यक्षात रात्री दोनला वरच्या शेताच्या कुंडीत कुणीतरी दगड, पऱ्हाट्या आणि चिखलाने भरलेलं पोतं दडपून ठेवायचं आणि सकाळी शेपटाकडचा शेतकरी कोरड्या चारीत हात बांधून उभा असायचा. वरचा म्हणायचा, “कालवा माझ्या बांधावरून जातो, माझं वावर आधी भिजू द्या, मग खाली सोडा.” खालचा म्हणायचा, “माझी संत्र्याची झाडं आधीपासूनची आहेत, तुम्ही तर आत्ता आत्ता गहू लावायला लागलात.” राज्यं सुप्रीम कोर्टात हेच दोन युक्तिवाद मोठ्या शब्दांत करतात. पहिला हार्मनचा, दुसरा जुन्या वापराच्या हक्काचा.

कुणाचं खरं, हे चारीवर कधीच ठरलं नाही. मिटलं ते दुसऱ्याच गोष्टींनी. वाटणीच्या ठिकाणी मोजपट्टी लावली आणि पाणी कुठल्या खुणेपर्यंत आलं म्हणजे पूर्ण विसर्ग समजायचा ते सगळ्यांसमोर ठरवलं. यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावली. पाळी शेपटाकडून सुरू केली, म्हणजे वरच्याला आपली पाळी येईपर्यंत चारी वाहती ठेवण्यात स्वतःचाच फायदा दिसायला लागला. आणि दाराशी दोन्हीकडचा एकेक माणूस बसवला. हक्काचा प्रश्न तसाच राहिला, पण गहू भिजला. राज्याराज्यांचे करार वाचताना मी हेच शोधतो: मोजपट्टी कुठे आहे, तारीख कोणती, टंचाईत काय, आणि दाराशी बसणार कोण.

गोदावरीचा करार ह्या कसोटीवर घासून बघ. आपल्या देशात पाणी हा राज्यांचा विषय, पण आंतरराज्य नद्यांचं नियमन केंद्राकडे जाऊ शकतं. आणि भांडण झालं तर संविधानाचं कलम २६२ आणि त्याखालचा १९५६ चा कायदा न्यायाधिकरणाची वाट दाखवतो. हे तुला शिकवलेलंच असेल. त्या वाटेने १० एप्रिल १९६९ रोजी न्यायमूर्ती आर. एस. बच्छावत ह्यांच्या अध्यक्षतेखाली गोदावरी पाणी तंटा न्यायाधिकरण बसलं. महाराष्ट्र, आंध्र प्रदेश, कर्नाटक, मध्य प्रदेश आणि ओडिशा अशी पाच राज्यं समोर. कृष्णेचा वाद त्याच बच्छावतांपुढे होता. तिथे न्यायाधिकरणाला स्वतः आकडे वाटावे लागले: शंभरातल्या पंचाहत्तर वर्षांत तरी नदीत असेलच असं २,०६० टीएमसी पाणी धरून महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्राला ८००. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण २,८३० कोटी लिटर. गोदावरीत मात्र सुनावणी चालू असतानाच राज्यं आपसात बसली. महाराष्ट्र आणि आंध्र ह्यांच्यात ६ ऑक्टोबर १९७५ रोजी करार झाला, इतर जोड्यांचेही झाले, आणि ७ जुलै १९८० च्या अंतिम निवाड्यात न्यायाधिकरणाने हे करार सामावून घेतले. भांडण कोर्टात आणि तोडगा टेबलावर, असं फार थोड्या नद्यांच्या वाट्याला आलं आहे.

त्या करारातलं पहिलंच कलम तू पाठ कर, कारण ते आपल्या घरचं आहे. गोदावरीवर पैठणच्या धरणापर्यंत आणि पूर्णेवर सिद्धेश्वरच्या धरणापर्यंत जेवढं पाणी येईल, ते सगळं महाराष्ट्राने वापरावं. ही पूर्णा म्हणजे आपली खडकपूर्णा. देऊळगाव मही इथलं खडकपूर्णा धरण, ज्याच्या जलाशयाला संत चोखामेळा सागर म्हणतात, ते सिद्धेश्वरच्या कितीतरी वर आहे. म्हणजे त्या धरणात अडलेल्या पाण्याबद्दल हैदराबादहून कुणी जाब विचारू शकत नाही, पाऊस जास्त पडो की कमी. इथे राज्यांनी आकडा ठरवलाच नाही, नदीवरचा एक बिंदू ठरवला. बिंदूच्या वर दरवर्षीच्या मोजमापाचं भांडण नाही, टंचाईच्या वर्षी कुणी किती सोडायचं हा प्रश्न नाही. मला हे कलम करारातलं सर्वांत शहाणं कलम वाटतं.

बिंदूच्या खाली मात्र आकडे सुरू होतात. पैठण आणि सिद्धेश्वर ह्यांच्या खालपासून आंध्राच्या पोचमपाड धरणापर्यंत महाराष्ट्राला नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसीपेक्षा जास्त पाणी वापरता येत नाही. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण २,८३० कोटी लिटर. पोचमपाडच्या खालच्या खोऱ्यात दोन्ही राज्यांना नव्या प्रकल्पांसाठी प्रत्येकी आणखी ३०० टीएमसी. पैनगंगा प्राणहितेतून पोचमपाडच्या खूप खाली गोदावरीला मिळते, म्हणून आपल्या मेहकरच्या पैनगंगेवरची नवी कामं ह्या ३०० च्या खात्यात. बघ, आपल्याच जिल्ह्यातल्या दोन नद्या, दोन्ही शेवटी गोदावरीच्या, पण करारात दोन वेगळ्या खात्यांत.

एवढं पाणी फुकट मिळालं नाही. आंध्राला पोचमपाड धरण १,०९१ फूट उंचीपर्यंत भरू द्यायला महाराष्ट्राने मान्यता दिली, आणि त्या धरणाचा फुगवटा नांदेड जिल्ह्यात शिरतो. पुढे पोलावरमहून आंध्राने ८० टीएमसी गोदावरी कृष्णेत वळवायची ठरवली, तेव्हा त्यातल्या ३५ टीएमसीइतकं पाणी कृष्णेच्या वरच्या अंगाला कर्नाटक आणि महाराष्ट्राला जास्त वापरू द्यावं असंही कलम झालं. म्हणजे एका नदीतल्या सवलतीची भरपाई दुसऱ्या नदीत. वाटाघाटी अशाच होतात. तत्त्वाचं भाषण बाहेर पत्रकारांसमोर होतं, आत गेल्यावर ‘तुम्ही हे सोडा, आम्ही ते सोडतो’ असं चालतं. त्यात कमीपणा काहीच नाही. उलट ज्यांना सोडण्यासारखं काही दिसत नाही, त्यांचे वाद पिढ्यान् पिढ्या चालतात.

आता चांगल्या कराराच्या फटी बघ. नांदेड जिल्ह्यात धर्माबाद तालुक्यात बाभळीला महाराष्ट्राने गोदावरीवर बंधारा बांधला, २.७४ टीएमसीचा. जागा महाराष्ट्राची, पण पोचमपाडच्या फुगवट्याच्या आत. आंध्र म्हणालं, हा तर आमच्या धरणात बसवलेला नळ आहे. महाराष्ट्र म्हणाला, हे आमच्या ६० टीएमसीतलं पाणी. २००६ मध्ये आंध्र सुप्रीम कोर्टात गेलं, २०१० च्या जुलैत चंद्राबाबू नायडू कार्यकर्त्यांसह बाभळीकडे निघाले आणि धर्माबादला त्यांना अटक झाली. निकाल लागला २८ फेब्रुवारी २०१३ ला. बंधारा राहील, पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं. देखरेखीला तीन सदस्यांची समिती: केंद्रीय जल आयोग आणि दोन्ही राज्यं. चारीवर दोन्हीकडची माणसं बसवायचो तेच हे.

पण तारखेला डोळे नसतात. एखाद्या वर्षी जूनअखेर बंधाऱ्यात थोडंफार पाणी शिल्लक असतं आणि मृग-आर्द्रा कोरडे गेलेले असतात. तरी १ जुलैला दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांसमोर चौदा दरवाजे वर जातात आणि काठावरच्या शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत ते पाणी निघून जातं. ऑक्टोबरच्या शेवटी दरवाजे पडतात तेव्हा परतीचा पाऊस झालेला नसला तर बंधारा भरत नाही. धर्माबादच्या लोकांची तक्रार खरी आहे. तरीही दरवर्षी नदीकाठी पोलीस बंदोबस्त लावण्यापेक्षा मला ही तारीख बरी वाटते. तिच्या जागी वरून येणाऱ्या पाण्याच्या मोजमापावर दरवाजे उघडायचा नियम दोन्ही राज्यांनी मिळून मागितला, तर आणखी बरं. तुझ्यासारख्या कायदा शिकणाऱ्यांनी लढवावं असं हे प्रकरण आहे.

पैनगंगेवर दुसरी फट आहे, आणि ती मला जास्त सलते. १९७५ च्या त्याच करारात निम्न पैनगंगा, लेंडी आणि प्राणहिता हे संयुक्त प्रकल्प घ्यायचं दोन्ही राज्यांनी तत्त्वतः मान्य केलं. निम्न पैनगंगेच्या पाण्याची वाटणी ठरली ८८ आणि १२: अठ्ठ्याऐंशी टक्के महाराष्ट्र, बारा टक्के आंध्र, म्हणजे आता तेलंगणा. वाटणीवरून मोठं भांडण नाही. तरी पन्नास वर्षांत धरण पूर्ण झालं नाही, कारण यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांतल्या ज्या गावांची घरं आणि काळी जमीन बुडणार होती, त्यांनी विरोध केला आणि तो पिढ्यान् पिढ्या चालवला. दोन राज्यांनी एकमेकांना किती द्यायचं ते ठरवलं. ज्यांचं सर्वस्व त्यात जाणार त्यांना कुणी आधी विचारलं नाही. २३ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबईत महाराष्ट्र आणि तेलंगणाने पुन्हा करार केले. गोदावरीवर मेडिगड्डा १०० मीटर पातळीपर्यंत, प्राणहितेवर तुम्मिडीहट्टी १४८ मीटरपर्यंत, आणि पैनगंगेवर चनाखा-कोरटा बंधारा. ह्या वेळी भांडण आणि तडजोड दोन्ही मीटरमध्ये झाली, कारण एक मीटर उंची वाढली की गडचिरोलीतली आणखी शेतं पाण्याखाली जातात. मेडिगड्डाच्या बुडिताची झळ सिरोंचा तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी सोसली. त्या बंधाऱ्याचे खांब ऑक्टोबर २०२३ मध्ये खचले, ती गोष्ट वेगळी. पण वाटाघाटीत स्थापत्याची परीक्षा कुणी करत नाही, हेही तुझ्या टिपणात असू दे.

आता घाट उतरून खाली चल. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगावचा पूर्णेकाठ म्हणजे खारपाणपट्टा. तो अमरावती, अकोला आणि बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरला आहे. जमीन काळीभोर, खोल, बघून हेवा वाटावा अशी; आणि खालचं पाणी खारं. बोअरचं पाणी भरलेल्या घागरीच्या काठाला पांढरा थर धरतो, डाळ शिजायला वेळ लागतो, ते पाणी पिकाला सतत दिलं तर जमीनच बिघडते. म्हणून एवढ्या जमिनीवर लोकांनी पावसाच्या भरवशावर शेती केली. किडनीच्या आजारांची तक्रार त्या भागात वर्षानुवर्षं आहे. इथे नदीचं गोडं पाणी येणं म्हणजे चैनीचा बागायती ऊस नव्हे. ते पिण्याच्या पाण्याइतकं निकडीचं आहे.

त्या पाण्यासाठी १० मे २०२५ रोजी भोपाळला करार झाला, तापी खोरे महापुनर्भरण योजनेचा. मध्य प्रदेश-महाराष्ट्र आंतरराज्य नियंत्रण मंडळाची ती २८ वी बैठक. त्याआधीची २००० साली झाली होती. पंचवीस वर्षं मंडळ बसलंच नाही, हे वाक्य भाषणात दोनदा म्हण. करार असा की मेळघाटाच्या टोकाला, खरिया गुटीघाट इथे तापीवर ८.३१ टीएमसीचा बंधारा बांधायचा, दोन्ही काठांनी कालवे काढायचे आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या दगडगोट्यांच्या पट्ट्यात, ज्याला बझाडा म्हणतात, ते पाणी जमिनीत मुरवायचं. एकूण ३१.१३ टीएमसी पाण्यातलं ११.७६ मध्य प्रदेशाला आणि १९.३६ महाराष्ट्राला. आपल्याकडे जळगाव, अकोला, बुलढाणा आणि अमरावती मिळून २,३४,७०६ हेक्टरला लाभ धरला आहे, मध्य प्रदेशात १,२३,०८२ हेक्टरला.

हा करार कशामुळे झाला ते बघ. त्याच जागी आधी ६६ टीएमसीच्या मोठ्या धरणाचा विचार होता. त्यात सतरा हजार हेक्टरांहून जास्त जमीन, व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आणि ७३ गावं बाधित होत होती. त्या आराखड्यावर कितीही बैठका झाल्या असत्या तरी सह्या झाल्या नसत्या. धरणाऐवजी बुटका बंधारा आणि साठवण जमिनीच्या पोटात असं ठरलं, गावं उठायची राहिली, आणि मग वाटणीचं बोलणं सोपं झालं. निम्न पैनगंगेत जे राहिलं ते इथे आधी केलं. खारपाणपट्ट्यात पाणी गोडं व्हायला किती वर्षं लागतील हे कालवा वाहायला लागल्यावरच कळेल, आणि घोषणेपासून कालव्यापर्यंतचं अंतर आपल्या जिल्ह्याने जिगाव प्रकल्पात पुरतं अनुभवलं आहे. पण कराराची दिशा मला योग्य वाटते.

मध्य प्रदेशाबरोबरचा एक जुना धडा मात्र इथे उपयोगी पडेल. पेंच नदीच्या पाण्याची वाटणी १९६४ मध्ये झाली: मध्य प्रदेशाला ३५ टीएमसी, महाराष्ट्राला ३०. मध्य प्रदेशाने आपला वाटा लगेच अडवला नाही. त्यामुळे खाली तोतलाडोहला भरपूर पाणी येत राहिलं आणि नागपूर शहर, कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं, कालव्यावरची शेती, सगळ्यांना त्याची सवय लागली. मग वर छिंदवाडा जिल्ह्यात चौराई धरण झालं. मध्य प्रदेशाने स्वतःच्याच वाट्याचं पाणी अडवलं, पण नागपूरला ते हिरावून घेतल्यासारखं वाटलं; २०१९ मध्ये तोतलाडोह तळाला गेलं आणि शहरात टंचाई आली. दुसऱ्याचा न वापरलेला वाटा आपला समजून शहरं वाढवली की असं होतं. गोदावरीत आपला जो वाटा अजून अडवलेला नाही, त्याच्या भरवशावर आज खाली कुणीतरी धान पिकवत असेल. आपण तो अडवू तेव्हा त्यालाही हेच दुःख होणार. हक्क आपला असला तरी ते आधीच सांगणं, आकडे खुले करणं, टप्प्याटप्प्याने अडवणं ही वरच्याची जबाबदारी. नागपूरच्या वेळी आपल्याला हेच हवं होतं.

आणि मोजणी कोणत्या वर्षांची, हे विचारायला विसरू नकोस. अमेरिकेत कोलोरॅडो नदीचा करार १९२२ मध्ये सात राज्यांत झाला. वरच्या आणि खालच्या खोऱ्याला दरवर्षी प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट असं ठरलं. ज्या वर्षांच्या नोंदी धरल्या ती नेमकी भरपूर पावसाची निघाली. नदीत तेवढं पाणी सरासरीनेही नसतं. शंभर वर्षं झाली, ती राज्यं अजून नसलेल्या पाण्याची वाटणी निस्तरत आहेत. आपल्याकडे तर पावसाचा लहरीपणा त्याहून जास्त. मोजपट्टीचा आकडा नीट न लिहिणारा माणूस वीस वर्षांनंतरच्या तंट्याची बी पेरत असतो, असं मी माझ्या हाताखालच्या पोरांना सांगत असे.

शेवटी ज्यावरून पुढची दहा-वीस वर्षं आपल्या जिल्ह्यात बोललं जाणार आहे ते सांगतो. वैनगंगा-नळगंगा जोडप्रकल्पाला २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. भंडाऱ्याजवळच्या गोसीखुर्दचं पाणी सव्वाचारशे किलोमीटरवर आपल्या मोताळा तालुक्यातल्या नळगंगा धरणापर्यंत आणायचं, वाटेत नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला अशा जिल्ह्यांना देत देत. खर्च ८७ हजार कोटींहून अधिक. हे पाणी गोदावरी खोऱ्यातलं आणि नळगंगा तापी खोऱ्यातली. असं खोरं ओलांडता येतं का? येतं, १९८० च्या निवाड्यातच सोय आहे की आपल्या वाट्याचं गोदावरीचं पाणी राज्य दुसऱ्या खोऱ्यात वळवू शकतं. पण वैनगंगा येते मध्य प्रदेशातल्या सिवनीहून आणि जाते प्राणहितेतून तेलंगणात. आपण त्या नदीवर मधले आहोत. मध्य प्रदेशाने वर आपला वाटा पुरा अडवला तर गोसीखुर्दला किती येणार, पूर्व विदर्भाच्या धानाला किती ठेवणार, आणि दुष्काळाच्या वर्षी कालव्याचं शेवटचं टोक असलेल्या मोताळ्याला किती पोचणार? त्या सव्वाचारशे किलोमीटरच्या चारीवर आपण शेपटाकडचे आहोत. पाळी शेपटाकडून सुरू होणार की डोक्याकडून, हे मंजुरीच्या बातम्यांत मला कुठे वाचायला मिळालं नाही. विधिमंडळात आणि पाणीवापर संस्थांत ते आत्ताच विचारायला हवं, कालव्याची खुदाई होण्याआधी.

निवाड्याची परिशिष्टं आणि बाभळीचा निकाल दोन्ही तुझ्या कॉलेजच्या ग्रंथालयात मिळतील. परिशिष्टांतला ६ ऑक्टोबर १९७५ चा करार आधी वाच, तो थोडक्यात आहे. भाषणाचा मसुदा झाला की मला पाठव. बाजू तीच ठेवायची असेल तर ठेव, पण ‘पहिला हक्क’ म्हणजे कोणत्या जागेपर्यंत, कोणत्या महिन्यात आणि टंचाईच्या वर्षी किती, हे त्यात लिहिलेलं असू दे. आजीने गोडांबा करून ठेवला आहे, येणाऱ्या कुणाबरोबर पाठवते.

तुझा,
आजोबा